जंगलांचा पहिला हिशेबनीस

हिंदुस्थानातील वनखात्याचा इतिहास सांगताना १८६४ साली नेमल्या गेलेल्या डिट्रिच ब्रँडिस यांच्यापासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. मुंबई इलाख्यापुरता तरी तो बरोबर नाही. त्याच्या सतरा वर्षे आधी, १८४७ साली, मुंबई सरकारने जंगलांसाठी स्वतंत्र संरक्षक नेमला होता. हे गृहस्थ व्यवसायाने डॉक्टर होते आणि पूर्वी देवी टोचण्याच्या कामावर दख्खनची गावे हिंडलेले होते. अलेक्झांडर गिब्सन हे त्यांचे नाव. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांना ते परिचित आहे. कर्जत-खालापूरच्या डोंगरांत राहणाऱ्यांना ते ठाऊक नसले, तरी त्यांच्या खात्याशी या लोकांचा संबंध पिढ्यान्‌पिढ्या आला आहे.

गिब्सन १८०० साली स्कॉटलंडमध्ये जन्मले, एडिंबरोत वैद्यक शिकले आणि १८२५ साली कंपनीच्या नोकरीत आले. मराठी, गुजराती, हिंदुस्थानी या भाषा त्यांनी आत्मसात केल्या. १८३८ साली पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यान त्यांच्याकडे सोपवण्यात आले. लष्करी दवाखान्यांना लागणाऱ्या औषधी वनस्पती तेथे पिकवल्या जात. उद्यानातील झाडांची सुंदर चित्रे त्यांनी एका गोमंतकीय वळणाच्या चित्रकाराकडून काढून घेतली. ही चित्रे एडिंबरोच्या उद्यानात जपून ठेवली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणी नोंदले नाही.

सरकारला जंगलाची आठवण झाली ती मुंबईच्या गोदीमुळे. जहाजांना साग हवा होता आणि किनाऱ्यालगतचा साग संपत चालला होता. गिब्सन यांची दृष्टी याहून लांबची होती. दक्षिण कोकणात डोंगर उघडे पडल्यावर झरे आटले आणि पूर्वी बारमाही असलेले पाणी उन्हाळ्यात मिळेनासे झाले, असे त्यांनी सरकारला कळवले. उष्ण कटिबंधातील अरण्यांच्या नाशाचे परिणाम तपासण्यासाठी ब्रिटिश असोसिएशनने नेमलेल्या समितीने १८५१ साली जो अहवाल मांडला, त्यालाही या निरीक्षणांचा आधार होता. लाकडाच्या घनफुटांपलीकडे जंगलाचे मोल पाण्यात आहे, हा आज पाठ्यपुस्तकात आलेला विचार तेव्हा एका सरकारी नोकराच्या अहवालात होता.

परंतु याच काळात रेल्वे आली. १८५६ साली गाडी खोपोलीला पोचली आणि त्याच वर्षी बोरघाटाचे काम सुरू झाले. पंचवीस बोगदे, खोल दऱ्यांवरील दगडी पूल, डोंगरावर हजारो मजूर आणि त्या सर्वांच्या चुली. लोहमार्गाच्या दर मैलाला सुमारे दोन हजार स्लीपर लागत. त्यांतील सर्वच येथल्या जंगलातले होते असे नाही, पण पाडे, परांच्या आणि जळण परदेशातून येत नसते. १८६३ साली घाट खुला झाला. एक सरकारी खाते झाड राखा म्हणत होते आणि त्याच सरकारची दुसरी गरज ते तोडावयास लावत होती.

याहून मोठी विसंगती खात्याच्या जमाखर्चात होती. या खात्याने आपला खर्च लाकूड विकून भागवावा आणि वर सरकारला शिल्लक दाखवावी, अशी अपेक्षा होती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे थांबावेच लागते. जो राखणदार त्याच मालाचा विक्रेता असतो, त्याच्या वहीत लाकडाला जमेची बाजू असते. झऱ्याला कोणतीच नसते.

राहिला प्रश्न डोंगरातील माणसांचा. येथे गिब्सन यांची सहानुभूती आटली. जंगल जाळून केलेल्या फिरत्या शेतीचे ते कट्टर विरोधक होते. ठाकूर-कातकऱ्यांची वरी-नाचणी मात्र अशाच शेतीवर होती. गिब्सन यांच्या पश्चात १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलांच्या हद्दी घट्ट झाल्या. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला फांद्या कुठून आणाव्यात, यावरून ठाणे-कुलाब्यात एवढा असंतोष माजला की १८८५ साली चौकशी आयोग नेमावा लागला. (कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते, ते १८९१ साली कुलाब्याला जोडले गेले.) खैराचा काथ काढणारे कातकरी पुढे ठेकेदारांच्या कोळसाभट्ट्यांवर राबू लागले. म्हणजे झाड तुटतच राहिले. बदलला तो फक्त नफा घेणारा.

स्वातंत्र्यानंतरही हा गुंता सुटलेला नाही. महाराष्ट्राने १९७५ साली खाजगी वने ताब्यात घेण्याचा कायदा केला. केंद्राने १९८० साली वनजमिनीच्या अन्य वापरावर बंधन आणले आणि २००३ साली माथेरान परिसर संवेदनशील ठरवला. तरी याच टापूतून द्रुतगती महामार्ग गेला आणि डोंगरउतारांवर बंगले उठले. रायगडातील दळी जमिनी कसणारा आदिवासी मात्र २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आपल्या आजोबांचा पुरावा शोधत कचेरीत खेपा घालतो. बंगल्याच्या मालकाजवळ खरेदीखत असते.

गिब्सन १८६० साली निवृत्त झाले. पुढल्याच वर्षी, त्यांच्या पदावर आलेल्या डॅल्झेल यांच्यासह त्यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८६७ साली ते वारले. ग्रंथात नोंदलेली कितीतरी झाडे माथेरानच्या माथ्यावर आणि भीमाशंकरकडच्या दऱ्यांत अजून उभी आहेत. झऱ्यांची नोंद ठेवणारी वही मात्र त्यांच्या खात्याने पुढे उघडलीच नाही, आणि फाल्गुन सरताच वाड्यांतील बाया हंडे घेऊन डोंगर उतरू लागतात.