कामगारांच्या तंट्यात बाबासाहेब



बाबासाहेबांचे चरित्र दरवर्षी आपल्या स्मरणिकेत येते. महाड, येवला, नागपूर आपल्या पोरांनाही पाठ आहे. पण तारापूरच्या आपल्या वस्तीत बहुतेक घरांतला कोणी ना कोणी एम.आय.डी.सी.त राबतो. कंपनीशी वाद झाला की लेबर ऑफिसात तारखेला जाऊन बसतो. म्हणून यंदा बाबासाहेबांच्या आयुष्याची ही बाजू लिहायला घेतली.

14 एप्रिल 1891 ला महू येथे जन्मलेले भीमराव लहानपणीच मुंबईला आले आणि परळच्या चाळीत गिरणी कामगारांच्या शेजारात वाढले. पुढे कोलंबिया, लंडन, बॅरिस्टरी. 1923 पासून हायकोर्टात वकिली सुरू केली, तरी राहणे परळच्या बी.आय.टी. चाळीतच. कामगाराचं दुःख त्यांना पुस्तकातून कळलं नाही.

1928 साली मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद होत्या. संपवाल्यांच्या सतरा मागण्या ऐकायला सर चार्ल्स फॉसेट यांची कमिटी बसली. आता आपली गोष्ट ऐका. साचेखात्यात पगार जास्त, पण अस्पृश्याला तिथे मज्जाव. कांडी बदलताना सूत तोंडाने ओढून धोट्यातून काढावं लागे, म्हणून सवर्ण कामगारांना विटाळ व्हायचा! मी स्वतः साच्यावर उभा राहिलेला माणूस, मला हे वाचून झोप आली नाही. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं की ही बंदी उठवण्याची मागणी घ्या, नाहीतर आमची माणसं संपात राहणार नाहीत. तेव्हा कुठे ती मागणी पुढे आली. मालकांनी कमिटीपुढे हात झटकले, की हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. आणि ते खोटंही नव्हतं.

1936 ला त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1938 साली मुंबईच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक तंट्यांचं बिल आणलं. त्यात आधी नोटीस, मग समेटाच्या बैठका, आणि त्या पुऱ्या होण्याआधी संप केला तर तुरुंग. बाबासाहेबांचा विरोध समेटाला नव्हता, सक्तीला होता. नोकरीचा करार मोडला तर तो दिवाणी मामला आहे, फौजदारी गुन्हा कसा, असा त्यांचा बॅरिस्टरी मुद्दा होता. संपाचा हक्क काढून घेतला तर कामगार मालकासमोर बसून काय बोलणार? 7 नोव्हेंबर 1938 ला एक दिवसाचा संप झाला. त्यात कम्युनिस्टही बरोबर होते. गोळीबारही झाला. बिल मात्र पास झालंच.

जुलै 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. ऑगस्टमध्ये सरकार, मालक आणि कामगार यांना त्यांनी एका टेबलाला बसवलं. पण इथे मला जरा थांबावं लागतं. युद्धकाळातला 81-अ हा नियम त्यांच्या आधीच, जानेवारी 1942 ला आला होता. चौदा दिवसांच्या नोटिशीशिवाय संप नाही, आणि सरकार तंटा लवादाकडे देऊन निवाडा बंधनकारक करू शकेल, असा तो नियम. 1938 ला सक्तीशी झगडलेल्या माणसाच्या खात्याला तो राबवावा लागला. फॅसिझमचा पराभव आधी झाला पाहिजे असं त्यांचं मत होतं. मला ते पटतं. पण ही गोष्ट झाकून चरित्र सांगू नये.

1945 ला त्यांच्या खात्याने केंद्रात मुख्य कामगार आयुक्तांची यंत्रणा उभी केली. आपल्या अणुऊर्जा केंद्रासारख्या केंद्राच्या ठिकाणचा तंटा तिकडे जातो, एम.आय.डी.सी.तला राज्याच्या कामगार खात्याकडे. अर्ज चुकीच्या दारात टाकून महिने घालवू नका. 1946 ला आठवड्याचे 54 तास 48 वर आले.

एक चूक सुधारतो. 1947 चा औद्योगिक विवाद कायदा बाबासाहेबांनी केला असं आपल्या सभांतून सांगितलं जातं. ते 1946 च्या मध्यालाच मजूरखात्यातून बाहेर पडले होते. बिल त्यानंतर, बाबू जगजीवनराम मजूरमंत्री असताना मांडलं गेलं, आणि त्यात त्या 81-अ नियमाचा बराच भाग उतरला.

6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने त्या कायद्यात कलम 10-अ आलं. मालक आणि कामगार दोघांनी लेखी करार करून, आपल्या पसंतीचा लवाद नेमण्याचं.