सोडलेल्याचा हिशेब

आमचं गाव पोलादपूरजवळ. शाळेची सहल रायगडला निघाली, तेव्हा महाड सोडल्यावर नाते गाव लागलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख इथले, असं गुरुजींनी सांगितलं. आम्ही खिडकीतून पाहिलं आणि पुन्हा भेंड्या सुरू केल्या. या माणसाची खरी ओळख झाली ती इंजिनिअरिंगला, इकॉनॉमिक्सच्या पेपरमुळे.

'अपॉर्च्युनिटी कॉस्ट' म्हणजे संधी-खर्च. एक गोष्ट निवडताना दुसरी जी सर्वांत चांगली गोष्ट हातची जाते, तीच त्या निवडीची खरी किंमत. व्याख्या पाठ होती, कळली नव्हती. चिंतामणरावांचं चरित्र वाचलं तेव्हा कळली.

जन्म १४ जानेवारी १८९६, नाते. वडील रोह्याला वकील. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. १९१५ साली केंब्रिजला गेले. तिथे शास्त्रविषय घेतले आणि १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्राचं बक्षीसही पटकावलं. पुढच्याच वर्षी आयसीएसची परीक्षा दिली, तिथेही पहिले! म्हणजे देशाला एक अधिकारी मिळाला आणि एक वनस्पतिशास्त्रज्ञ गेला. ही किंमत कुठल्याच पगारपत्रकात दिसत नाही.

आता प्रश्न असा, की ज्याला सगळंच येतं त्याने करायचं काय? याचं उत्तर मला होस्टेलवर मिळालं. (सरांनी हा परिच्छेद सोडून द्यावा!) माझा रूममेट ड्रॉइंगची शीट २ तासांत काढतो, जर्नल ३ तासांत लिहितो. मला शीटला ६ तास लागतात, जर्नलला ४. दोन्हीत तोच पुढे. आपापलं करायचं तर त्याचे ५ तास जातात, माझे १०. पण दोन्ही शीट त्याने काढल्या आणि दोन्ही जर्नलं मी लिहिली, तर त्याचे ४ आणि माझे ८. दोघांचाही फायदा! मी जर्नलमध्ये त्याच्याहून हुशार नाही. फक्त त्या कामात माझं नुकसान कमी आहे. यालाच तुलनात्मक लाभ म्हणतात.

चिंतामणरावांना संस्कृत इतकं येत होतं की त्यांनी मेघदूत मराठीत आणलं. पण ते जाणणारे इतरही होते. महसूल, चलन आणि बँक एकत्र जाणणारे भारतीय मात्र थोडे. मध्य प्रांतात नोकरी केल्यावर १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४३ मध्ये गव्हर्नर झाले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारताच्या बाजूने बसले होते.

१९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि मग साऱ्या देशाच्याच शीट-जर्नलचा प्रश्न आला. सिमेंट, पोलाद, पैसा सगळं मोजकं. पहिली पंचवार्षिक योजना २,०६९ कोटींची. शेती, पाटबंधारे आणि वीज यांना मोठा वाटा दिला, उद्योगांना थोडा. धान्य बाहेरून आणावं लागत होतं, म्हणून धरणं आधी. त्याची किंमत म्हणजे तेव्हा न उभे राहिलेले कारखाने.

१९५२ साली ते आपल्याच कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले होते. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवायचं जाहीर झालं, मुंबईत गोळीबार झाला, माणसं मेली. चिंतामणरावांनी राजीनामा दिला. जुलैमध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. दुसरी योजना नुकतीच सुरू झाली होती. केवढं काम हातचं गेलं! पण खुर्ची ठेवली असती तर स्वतःच्या माणसांसमोर मान वर करता आली नसती. त्यांनी दोन्ही किमती पाहिल्या आणि एक भरली. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादला गेले.

हे सगळं आत्ताच का आठवलं? माझ्या ट्रंकेत पुण्याच्या एका कंपनीचं नेमणूकपत्र आहे आणि टेबलावर गेटची पुस्तकं. आबा म्हणतात, तुझं तू ठरव. ते स्वतः दरवर्षी ठरवतातच. भात निघाल्यावर ओल असलेल्या एकाच तुकड्यात वाल पेरायचा की भाजी लावायची? वाल पेरला की भाजी गेली, एवढं त्यांना पुस्तकाशिवाय कळतं.

परवा रात्री वहीत दोन रकाने आखले. चार वर्षांची फी कुठल्याच रकान्यात लिहिली नाही, कारण ती आता काहीही निवडलं तरी परत येणार नाही. धाकट्या बहिणीचं पुढच्या वर्षीचं कॉलेज मात्र लिहिलं. मग नोकरी घ्यायचं ठरवलं. गेट फुकट सोडली असं मी स्वतःला सांगणार नाही. तिची किंमत वहीत लिहून ठेवली आहे.

तुमच्याही टेबलावर असंच काही पडलं असेल, तर मित्रहो, काय मिळतंय ते सगळेच लिहितात. काय सोडतोय तेही लिहा.