कॉलरा प्यायलेला शास्त्रज्ञ

कॉलऱ्याचे जिवंत जंतू मुद्दाम पिणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? येडा? एली मेचनिकॉफने १८९२ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये नेमकं हेच केलं. त्याला काहीच झालं नाही! मग आणखी काही जण प्यायले. त्यातला एक मरता मरता वाचला.

जंतू तेच, मग असं का?

हा गडी १८४५ चा, आजच्या युक्रेनमधल्या खार्किव्हजवळचा. पहिल्या बायकोला लग्नातच क्षय होता. इतका, की चर्चमध्ये तिला खुर्चीवरून उचलून न्यावं लागलं. १८७३ मध्ये ती गेली आणि हा पार कोसळला. सावरायला वर्षं लागली. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे घरचे सर्कशीला गेले असताना त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा वेढा! आपल्या पेशी जंतूंना खातात, या शोधाला १९०८ चं नोबेल मिळालं, पॉल एर्लिकसोबत विभागून.

पण आपण कॉलऱ्याकडे परत जाऊ. मेचनिकॉफने कॉलऱ्याचे जंतू इतर जंतूंच्या शेजारी वाढवून पाहिले. काही शेजारी त्यांना फोफावू देत, काही साफ दाबून टाकत. म्हणजे पोटात आधीपासून कोण बिऱ्हाड करून आहे, यावर सगळं अवलंबून! मग चांगले भाडेकरू आत सोडावेत म्हणून तो रोज आंबवलेलं दूध पिऊ लागला. एका बाबतीत मात्र तो फसला. मोठं आतडं म्हणजे त्याला निव्वळ विषारी कचराकुंडी वाटायची. १९१६ मध्ये तो गेला तोवर ते मत बदललं नव्हतं.

आणि औषध निघालं ते त्याच कचराकुंडीतून. अँटिबायोटिक्सनी आतड्यातले चांगले जंतू मेले की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जंतू मोकळ्या जागेत घुसतो. जुलाब थांबतात, पुन्हा होतात, परत परत होतात. यावर उपाय काय, तर तपासून घेतलेल्या निरोगी माणसाची विष्ठा पातळ करून, गाळून रुग्णाच्या आतड्यात सोडायची. ईऽऽ? थांबा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या चाचणीत १६ पैकी १३ जण एकाच डोसमध्ये बरे झाले. नुसत्या अँटिबायोटिकवाल्यांपैकी बहुतेकांचे जुलाब मात्र उलटले. शेवटी डॉक्टरांनी चाचणी मध्येच थांबवली आणि त्यांनाही विष्ठेचाच डोस दिला.