चार्लस डार्विन आणि गवताचा कोंब

चार्लस डार्विन यांचें नांव निघालें कीं बीगल जहाजावरील प्रवास व १८५९ सालीं प्रसिद्ध झालेला जीवजातींच्या उगमावरील ग्रंथ आठवतो. परंतु त्यांच्या उतारवयांतील एका लहानशा प्रयोगाची हकीकतही विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावी अशी आहे.

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं इंग्लंडांतील श्रूजबरी येथें झाला. वडील डॉक्टर होते. त्यांनीं मुलास वैद्यकी शिकण्यास एडिंबरो येथें पाठविलें. पण त्या विद्येंत त्याचें मन रमलें नाहीं. पुढें केंब्रिजची पदवी घेऊन डार्विन १८३१ सालीं बीगलवर निघाले व १८३६ सालीं परतले. १८४२ पासून केंट परगण्यांतील डाउन या खेड्यांत ते राहिले. प्रकृति नेहमीं नाजूक असे. तरी प्रयोग चालूच असत.

सत्तरीच्या सुमारास त्यांनीं पुत्र फ्रान्सिस यांच्या साहाय्यानें कॅनरी गवताच्या कोंबांचा अभ्यास केला. कोंब उजेडाकडे वांकतो, हें सर्वांस ठाऊक आहे. पण उजेड ओळखतो त्याचा कोणता भाग? त्यांनीं कांहीं कोंबांच्या टोंकांवर कथलाच्या वर्खाच्या टोप्या घातल्या. ते कोंब वांकले नाहींत. उलट, टोंक उघडें ठेवून खालचा भाग झांकला, तर कोंब वांकले. टोंक उजेड जाणतें व त्याचा परिणाम खालच्या भागास पोंचवितें, असें अनुमान त्यांनीं १८८० सालीं ग्रंथरूपानें मांडलें.

जर्मनींतील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ यूलियस साक्स यांस तें पटलें नाहीं. उजेड वांकणाऱ्या भागावरच प्रत्यक्ष कार्य करतो, असें त्यांचें मत होतें. डार्विन यांचे प्रयोग त्यांनीं १८८२ सालीं अकुशल ठरविले. त्यांची सुसज्ज प्रयोगशाळा कोठें आणि डार्विन यांच्या घरांतील कुंड्या कोठें! त्याच वर्षीं १९ एप्रिल रोजीं डार्विन निवर्तले.

न्याय मागाहून मिळाला. १९२६ सालीं हॉलंडांतील फ्रिट्स वेंट यांनीं टोंकांतून उतरणारें वृद्धिकारक द्रव्य अगारच्या तुकड्यांत धरून दाखविलें. त्यास ऑक्झिन म्हणतात. तें एकाच दिशेनें वाहतें, कारण प्रत्येक पेशीला जणूं शेंडा व बुडखा असतो. ऑक्झिन बाहेर सोडणारीं पिन नांवाचीं प्रथिनें पेशीच्या एका अंगास अधिक असतात. पेशी तीं आंत ओढून पुन्हां त्याच अंगास बसविते व आपली दिशा राखते. उजेड एका बाजूनें आला कीं ऑक्झिन अंधाऱ्या बाजूस अधिक जातें. ती बाजू लांबते आणि कोंब उजेडाकडे वांकतो.

विद्यार्थ्यांनो, मूठभर गहूं कुंडींत पेरा, कांहीं कोंबांवर चंदेरी कागदाच्या टोप्या घाला आणि कुंडी खिडकीशीं ठेवून पाहा. साधनें थोडीं म्हणून डार्विन यांनीं प्रश्न सोडला नाहीं. आपणही सोडूं नये.