उद्याची काळजी आणि लक्ष्मीबाई

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली गाडी कामठी मागे टाकून भंडारा रोडला येते. वरठीच्या या स्टेशनावर आपण कितीदा तरी उतरलो-चढलो असू. पुढे तुमसर रोड, वैनगंगेचा पूल, तिरोडा, गोंदिया आणि मग डोंगरगड, राजनांदगाव. आपल्या भागातल्या माणसांच्या पायाखालची ही वाट. १८९३ साली याच वाटेवरच्या एका डब्यात मराठी साहित्यातली एक मोठी उलथापालथ सुरू झाली, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

त्या डब्यात बत्तिशीच्या आतले कवी नारायण वामन टिळक होते. नागपुरातले काम सुटले होते आणि ते नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. समोर एक युरोपियन गृहस्थ बसले होते. बोलणे निघाले, काव्यावरून धर्मावर गेले, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. टिळकांनी तो वाचायला घेतला. डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते थबकले. आकाशातली पाखरे पेरीत नाहीत, कोठारे भरीत नाहीत, तरी त्यांना खायला मिळते. मग माणसाने उद्याच्या काळजीने आज का जळावे, असा विचार ज्या प्रवचनात येतो, तेच हे. टिळकांना ते एकदम पटले. खरे सांगायचे तर उद्याची काळजी त्यांनी पूर्वीही कधी केली नव्हती. ती करीत होत्या त्यांच्या पत्नी, लक्ष्मीबाई.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे, गोखल्यांचे. काळजीशी त्यांची ओळख बालपणीच झाली. वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. विटाळाच्या धास्तीने सारे घर सदा तंग. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न होऊन सासरी आल्या, तर तिथे दुसरीच तऱ्हा. नवरा बुद्धिमान, प्रेमळ, पण मनात आले की न सांगता घरातून निघून जाणारा. हातात आलेला पैसा संध्याकाळपर्यंत टिकेल याची शाश्वती नाही. आज नाशिक, उद्या नागपूर, परवा राजनांदगाव. पोटची मुले दगावली, शेवटी १८९१ साली झालेला दत्तू तेवढा राहिला. अशा बाईने उद्याची चिंता करू नये असे कोणत्या तोंडाने सांगावे?

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ही बातमी कळली तेव्हा त्या माहेरच्या माणसांत होत्या. त्या काळी या बातमीचा अर्थ काय होता, हे आज आपल्या ध्यानात येणे कठीण आहे. नवरा जिवंत, आणि तरीही संसार संपलेला. सवाष्ण म्हणावे तर नवऱ्याच्या हातचे पाणी चालत नाही. पदरी लहान मूल, स्वतःची मिळकत नाही, शिक्षण टिळकांनी शिकवलेल्या अक्षरओळखीपुरते. पंढरपूरला बहिणीच्या आधाराने दिवस काढताना त्या रडून रडून अर्ध्या झाल्या. याच दुःखात त्यांच्या ओठी ओव्या येऊ लागल्या आणि अडखळत्या अक्षरांत कागदावर उतरू लागल्या.

पुढे त्या टिळकांकडे परत गेल्या, पण आपला धर्म आणि आपले सोवळे सांभाळून. टिळकांनी बाप्तिस्म्याचा आग्रह धरला नाही. एकाच संसारात दोन धर्म नांदू लागले. नगर-राहुरीकडच्या मुक्कामात एके दिवशी त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला, की जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळाले आणि लहानपणापासून वागवलेली विटाळाची भीती गळून पडली. सर्वांच्या हातचे खायचे, असे त्यांनी ठरवले. आयुष्यातली पहिली काळजी सुटली ती अशी. त्यानंतर १९०० साली त्यांनी स्वतःच्या इच्छेने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून पाच वर्षांनी, पण स्वतःच्या पायांनी चालत.

श्रद्धा आली म्हणून घरातला डबा आपोआप भरला, असे मात्र झाले नाही. घर वाढतच गेले. दुष्काळाने उघडी पडलेली मुले आली, तारासारखी मुलगी लेक होऊन राहिली, बालकवी ठोमरे नगरच्या घरात लाडक्या मुलासारखे वावरले. इतक्यांच्या तोंडी घास घालायचा तर कुणीतरी हिशेब करायलाच हवा. तो लक्ष्मीबाईंनी केला. भांडल्या, रुसल्या, चिडल्या आणि पुन्हा चुलीपाशी बसल्या. प्लेगच्या दिवसांत लोक आजाऱ्याच्या वाऱ्यालाही उभे राहत नसताना त्यांनी रोग्यांची सेवा केली. एके काळी ज्या घरात धुतल्याशिवाय वस्तू येत नव्हती, त्या घरची ही लेक.

खरी कसोटी १९१७ साली आली. अमेरिकन मराठी मिशनचे वेतन टिळकांनी सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ ही नवी वाट धरली. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचे त्यांचे स्वप्न होते. पन्नाशी ओलांडल्यावर ठराविक पगारावर पाणी सोडायचे, हे आजच्या कोणत्या गृहिणीला रुचेल? लक्ष्मीबाई मात्र या वेळीही सोबत राहिल्या. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले.

एका अर्थी लक्ष्मीबाई आयुष्यभर ज्या उद्याला भीत आल्या, तो आता दारात उभा होता. वय पन्नाशीचे, घरात साठवण नाही. त्यांनी पदर खोचला. मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीचे काम केले. नंतर मुलाच्या संसाराबरोबर थेट कराची गाठली. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अकराव्या अध्यायाशी थांबले होते; ज्या बाईला मोठेपणी अक्षरओळख झाली, तिने त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. आणि १९३४ साली ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. मुलाला वडिलांचे चरित्र लिहिता यावे म्हणून काढलेल्या आठवणी त्या, पण मराठीतले एक अजोड आत्मचरित्र होऊन बसल्या.

‘स्मृतिचित्रे’ वाचताना एक गोष्ट जाणवते. सबंध पुस्तकात रडगाणे नाही. फजिती, उपासमार, वियोग, मृत्यू, सारे आहे. पण सांगणारी बाई मधूनच स्वतःला हसते. श्रद्धेने त्यांच्या काळज्या नाहीशा केल्या असे म्हणता येणार नाही. त्या काळज्या एकटीने वाहायच्या नाहीत, एवढे श्रद्धेने त्यांना शिकवले. आपल्या हातचे आज करून टाकायचे, उरलेले देवाच्या पायाशी ठेवायचे आणि झोपी जायचे. टिळकांना हे पुस्तकातून गवसले. लक्ष्मीबाईंना त्यासाठी अर्धे आयुष्य वेचावे लागले, म्हणून त्यांचे पटणे अधिक पक्के.

१९३३ साली नागपुरात मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरले आणि अध्यक्षस्थानी लक्ष्मीबाई बसल्या. चाळीस वर्षांपूर्वी याच नागपुरातून निघालेल्या गाडीने त्यांचा संसार उधळला होता. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

मुलांच्या परीक्षा, धानाचा भाव, म्हाताऱ्यांचे दुखणे, नोकरीची टांगती तलवार. आपल्याही घरी काळज्यांना तोटा नाही. पुन्हा कधी भंडारा रोडवरून गोंदियाकडे जाणे झाले, तर खिडकीबाहेर धानाच्या बांध्यांवर उतरलेले बगळे जरा बघा. आणि त्या पाखरांची गोष्ट पटायला जिला अर्धे आयुष्य लागले, त्या बाईचीही आठवण काढा.