खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी १९२६ – १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. १९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत मुक्त शैलीच्या कुस्तीत ५७ किलो वजनगटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. यापूर्वी १९०० साली पॅरिस येथे नॉर्मन प्रिचर्ड यांनी भारताच्या नावावर धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळवली होती. परंतु तो काळ ब्रिटिश अमलाचा होता. लहान चण, चपळ हालचाल आणि अंगातील विलक्षण जोर यांमुळे जाधव 'पॉकेट डायनॅमो' या नावानेही ओळखले जात. सातारा जिल्ह्यात जन्मलेले जाधव खेळाडू म्हणून घडले ते प्रामुख्याने कोल्हापुरात.

बालपण व शिक्षण

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब हे पंचक्रोशीत नावाजलेले पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच आखाडा असल्यासारखे वातावरण असल्याने कुस्तीचे पहिले धडे त्यांना वडिलांकडूनच मिळाले. त्या काळी गावच्या जत्रेतील कुस्त्या हा ग्रामीण जीवनाचा अविभाज्य भाग होता. लहान मुलांच्या कुस्त्या आधी लावल्या जात आणि त्यांतूनच पुढचे पैलवान पुढे येत. खाशाबांनीही वयाच्या आठ-दहा वर्षांपासून अशा कुस्त्यांत भाग घेतला.

त्यांचे माध्यमिक शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. याच काळात १९४२ चे 'चले जाव' आंदोलन सुरू झाले. सातारा जिल्हा हे या आंदोलनाचे एक प्रमुख केंद्र होते. विद्यार्थिदशेतील खाशाबांनी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांचे निरोप व पत्रके पोहोचवणे अशी कामे केली. शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्रवेश घेतला.

कोल्हापुरातील जडणघडण

कोल्हापूर संस्थानात कुस्तीला राजाश्रय होता. राजर्षी शाहू महाराजांनी तालमींना उत्तेजन दिले, देशभरातील मल्लांना कोल्हापुरात आणले आणि हजारो प्रेक्षकांना बसून कुस्ती पाहता येईल असे खासबाग मैदान उभारले. त्यामुळे शहरातील पेठापेठांतून आणि जिल्ह्यातील गावोगावी तालमी उभ्या राहिल्या. पहाटे उठून जोर-बैठका काढणे, हौद्यातील माती खणणे, वस्तादांच्या देखरेखीखाली जोडीदाराशी लढत करणे आणि त्यानंतर दूध-तूप-बदामाचा खुराक घेणे, असा पैलवानांचा दिनक्रम असे. खाशाबांचा सरावही याच परंपरेतला होता. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

महाविद्यालयात आरंभी त्यांच्या किरकोळ शरीरयष्टीमुळे त्यांना वार्षिक क्रीडास्पर्धेत उतरू देण्यास क्रीडाशिक्षकांनी नकार दिला होता, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. प्राचार्यांच्या परवानगीने ते स्पर्धेत उतरले आणि त्यांनी आपल्याहून धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांना पराभूत केले. त्यांची भिस्त शक्तीपेक्षा चपळाईवर व डावपेचांवर होती. प्रतिस्पर्ध्याचे डोके पकडीत घेऊन त्याला जमिनीवर फेकण्याचा 'ढाक' हा त्यांचा हुकमी डाव होता.

मातीवरील व गादीवरील कुस्ती

जाधवांची कामगिरी समजून घेण्यासाठी कुस्तीच्या दोन प्रकारांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. महाराष्ट्रातील पारंपरिक मैदानी कुस्ती मातीवर होते. तिच्यात प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकवून त्याला चीतपट करणे हाच विजय मानला जाई. गुणांची मोजदाद नसे, वजनाचे काटेकोर गट नसत आणि कुस्ती निकाली होईपर्यंत दीर्घकाळ चाले. विजेत्याला इनाम मिळे व त्यावरच अनेक पैलवानांचा चरितार्थ चाले.

ऑलिंपिकमधील कुस्ती मात्र हौशी खेळाडूंची होती. मुष्टियुद्धाप्रमाणेच तिच्यात वजनाचे गट ठरलेले असत, लढतीला वेळेची मर्यादा असे आणि कुस्ती निकाली न झाल्यास पंच गुणांवर निर्णय देत. लढत मातीऐवजी गादीवर होई. मातीत पाय रोवून उभे राहण्याची सवय असलेल्या मल्लाला गादीवर तोल सांभाळणे, झटपट गुण मिळवणे आणि वेळेचे भान ठेवणे या गोष्टी नव्याने शिकाव्या लागत. त्या काळी भारतात गादीवरील सरावाची सोय अत्यंत तुटपुंजी होती. शिवाय हौशी खेळाडूला खेळातून उत्पन्न मिळण्याची शक्यता नसल्याने त्याच्या सरावाचा व प्रवासाचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न कायम राही. खाशाबांच्या कारकिर्दीत हा प्रश्न दोनदा उभा राहिला.

लंडन ऑलिंपिक, १९४८

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी जाधवांची निवड झाली. प्रवासखर्चाची जबाबदारी कोल्हापूरच्या महाराजांनी घेतली. लंडनमध्ये अमेरिकेचे माजी कुस्तीगीर रीस गार्डनर यांनी भारतीय चमूला मार्गदर्शन केले. गादीवरील कुस्तीचे आंतरराष्ट्रीय नियम जाधवांना बहुतांशी तेथेच समजले.

५२ किलो वजनगटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस यांना काही मिनिटांतच हरवले. अमेरिकेच्या बिली जर्निगन यांच्यावरही त्यांनी मात केली. इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून मात्र त्यांना पराभव पत्करावा लागला. या गटात ते सहाव्या स्थानी राहिले. गादीचा फारसा अनुभव नसलेल्या बावीस वर्षांच्या तरुणाची ही कामगिरी लक्षणीय होती. भारतात परतल्यावर त्यांनी पुढील चार वर्षे ५७ किलो गटाची तयारी केली.

हेलसिंकीसाठी निवड व निधी

१९५२ च्या निवडीच्या वेळी जाधवांपुढे अडचणी उभ्या राहिल्या. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत ते केवळ एका गुणाने मागे पडले. आपल्यावर पक्षपाताने अन्याय झाला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. यादवेंद्रसिंग हे पतियाळाचे महाराज त्या काळी भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या कामात अग्रणी होते. त्यांनी पुन्हा चाचणी लढत घेण्याची व्यवस्था केली. ती लढत जिंकून जाधवांनी संघातील आपले स्थान मिळवले.

निवड झाली तरी खर्चाचा प्रश्न सुटलेला नव्हता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले होते. त्यामुळे १९४८ साली पाठीशी असलेला राजाश्रय आता उरला नव्हता आणि त्याची जागा घेईल अशी शासकीय व्यवस्था अद्याप तयार झाली नव्हती. मुंबई सरकारकडे केलेल्या विनंतीला सुरुवातीला अनुकूल उत्तर मिळाले नाही. वारंवार पाठपुरावा केल्यानंतर सुमारे ४,००० रुपयांचे साहाय्य मंजूर झाले. गोळेश्वर व आसपासच्या गावकऱ्यांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. राजाराम महाविद्यालयाचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. एका विद्यार्थ्याच्या खेळासाठी शिक्षकाने राहते घर गहाण टाकावे, ही घटना कोल्हापूरच्या क्रीडा-इतिहासात आजही कृतज्ञतेने सांगितली जाते.

हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२

हेलसिंकीत जाधवांनी कॅनडाचे एड्रियन पोलिक्विन आणि मेक्सिकोचे लिओनार्दो बासुर्तो यांना चीतपट केले. त्यानंतर जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झ यांच्यावर त्यांनी २-१ अशा निर्णयाने विजय मिळवला. पुढील लढतींत जपानचे शोहाची इशिई व सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याकडून ते पराभूत झाले. इशिई यांना सुवर्ण, मम्मदबेयोव्ह यांना रौप्य आणि जाधव यांना कांस्यपदक मिळाले. इशिई यांचे सुवर्णपदक हे त्या स्पर्धेतील जपानचे एकमेव सुवर्णपदक होते. यावरून या गटातील चुरशीची कल्पना येते.

अखेरच्या दोन लढतींच्या दरम्यान नियमाप्रमाणे किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळणे आवश्यक होते. ती जाधवांना मिळाली नाही आणि त्यांची बाजू मांडण्यासाठी भारतीय चमूचा कोणीही पदाधिकारी तेथे उपस्थित नव्हता, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. २३ जुलै १९५२ रोजी त्यांचे पदक निश्चित झाले. कोल्हापूरचेच केशव मानगावे ६२ किलो गटात चौथे आले. भारतीय हॉकी संघाने याच स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. हॉकीच्या यशाचा देशभर गौरव झाला. त्या तुलनेत जाधवांच्या पदकाकडे राष्ट्रीय पातळीवर फारसे लक्ष गेले नाही.

कराड परिसराने मात्र त्यांचे अभूतपूर्व स्वागत केले. शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांना कराड रेल्वे स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत नेण्यात आले. एरवी थोड्या वेळात संपणाऱ्या या वाटेला त्या दिवशी कित्येक तास लागले. या सत्कारानंतर जाधवांनी पहिली चिंता केली ती कर्जाची. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः त्यात लढून कुस्त्या जिंकल्या आणि मिळालेली रक्कम खर्डेकर यांचे घर सोडवण्यासाठी दिली.

पोलीस सेवा व उत्तरायुष्य

१९५५ साली जाधव पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांना भाग घेता आला नाही. पोलीस खात्याच्या स्पर्धांत त्यांनी यश मिळवले व क्रीडा-प्रशिक्षक म्हणूनही काम केले. सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर ते साहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. बढतीसाठी त्यांना दीर्घकाळ थांबावे लागले आणि निवृत्तिवेतनासाठीही झगडावे लागले. क्रीडा संघटनांनी त्यांच्या अनुभवाचा म्हणावा तसा उपयोग करून घेतला नाही. त्यांची अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली.

१९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेच्या वेळी मशाल-दौडीत सहभागी होण्याचा मान त्यांना मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५८ वर्षांचे होते.

सन्मान

जाधवांना मिळालेले बहुतेक महत्त्वाचे सन्मान मरणोत्तर आहेत. महाराष्ट्र शासनाने १९९२-९३ साली त्यांना शिवछत्रपती पुरस्कार दिला. केंद्र शासनाचा अर्जुन पुरस्कार त्यांना निधनानंतर दीड दशकाहून अधिक काळाने जाहीर झाला. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी २०२३ रोजी, त्यांच्या ९७ व्या जयंतीदिनी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा केला जातो. हयातीत त्यांना पद्म पुरस्कार मिळाला नाही.

गोळेश्वर येथे त्यांच्या नावाने कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा शासनाने केली होती. ते काम रखडल्याने, निधी उभारण्यासाठी ऑलिंपिक पदकाचा लिलाव करण्याचा विचार कुटुंबीयांनी २०१७ साली जाहीर केला. त्यामुळे या प्रश्नाकडे पुन्हा एकदा समाजाचे लक्ष वेधले गेले.

वारसा

जाधवांनंतर वैयक्तिक खेळात भारताला पुढचे ऑलिंपिक पदक मिळण्यासाठी ४४ वर्षे जावी लागली. १९९६ साली अटलांटा येथे लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळवले. कुस्तीतील दुसरे पदक सुशील कुमार यांनी २००८ साली बीजिंग येथे जिंकले. त्याच स्पर्धेत विजेंदर सिंग यांनी भारताला मुष्टियुद्धातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले. तोपर्यंत खेळाडूंना नोकरी, प्रशिक्षण व परदेशातील सराव यांसाठी शासन आणि संस्था यांचा आधार मिळू लागला होता.

महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक खेळात दुसरे ऑलिंपिक पदक मिळाले ते ७२ वर्षांनी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाज स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावले. कुसाळे हे कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याचे आहेत. प्राचार्यांनी घर गहाण ठेवून आपल्या विद्यार्थ्याला हेलसिंकीला पाठवले, ते याच जिल्ह्यातून.