तीन रंगांचा डाइक्स्ट्रा

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. माझं मराठी म्हणजे आईशी फोनवर बोलायचं मराठी, तेव्हा चूकभूल माफ करा. पण डाइक्स्ट्रांबद्दल लिहायचंच होतं. आपण त्यांना शॉर्टेस्ट पाथच्या मार्कांपुरतं ओळखतो. मीसुद्धा तेवढंच ओळखत होते, मिनी प्रोजेक्टची ती रात्र येईपर्यंत.

आम्ही लिनक्स कर्नलसाठी छोटासा ड्रायव्हर लिहिला होता आणि मेमरी कुठेतरी गळत होती. केमेमलीक चालू केलं तर रिपोर्टांची ही भली मोठी यादी! बरेचसे आमच्या कोडशी संबंध नसलेले. रात्रीचे दोन वाजलेले, सकाळी व्हायवा. सगळा नॉइज आहे, सोडून दे, असं पार्टनरचं मत पडलं. मी मात्र हे टूल ठरवतं तरी कसं, ते वाचायला बसले, आणि तिथे डाइक्स्ट्रा भेटले.

एडस्गर डाइक्स्ट्रा यांचा जन्म 11 मे 1930 चा, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा. वडील केमिस्ट, आई गणितातली. ते लायडनला थिअरॉटिकल फिजिक्स शिकत होते. 1951 मध्ये केंब्रिजला प्रोग्रॅमिंगचा कोर्स केला आणि गाडीने रूळ बदलला. 1952 पासून ते ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये प्रोग्रॅमर झाले. 1957 मध्ये लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय प्रोग्रॅमर असा सांगितला, तर असा व्यवसायच नाही म्हणून तो नाकारला गेला! शेवटी फिजिसिस्ट लिहावं लागलं. त्याआधी 1956 मध्ये एका कॅफेत बसून, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत त्यांनी तो शॉर्टेस्ट पाथ शोधला होता. छापून आला 1959 मध्ये.

1962 मध्ये ते आइंडहोवनला प्रोफेसर झाले. सेमाफोर ही त्यांचीच देणगी. 1972 मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आणि 1978 मध्ये लॅम्पोर्ट वगैरे चार सहकाऱ्यांबरोबर त्यांनी एक पेपर लिहिला. प्रोग्रॅम चालू असतानाच नको असलेली मेमरी गोळा कशी करायची, हा प्रश्न. उत्तर तीन रंगांचं. पांढरा म्हणजे अजून न सापडलेला ब्लॉक, राखाडी म्हणजे सापडला पण आत बघायचं बाकी, काळा म्हणजे बघून झालेला. शेवटी पांढरा राहील तो कचरा.

2009 पासून लिनक्समध्ये असलेलं केमेमलीक याच जातीचं. फक्त ते कचरा उचलत नाही, नुसता रिपोर्ट करतं. पण पॉइंटर स्कॅनच्या वेळी रजिस्टरमध्ये असला की चांगला ब्लॉकही पांढरा दिसतो. म्हणून ते पाच सेकंदांपेक्षा नवा ब्लॉक रिपोर्ट करत नाही, आणि ब्लॉकमधला मजकूर बदललेला दिसला तर पुढच्या स्कॅनपर्यंत थांबतं. क्लिअर दिलं की आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट राखाडी होतात, पण त्यात खरा लीकही लपू शकतो.

म्हणून आधी यादी कॉपी करून ठेवली. मग क्लिअर, आमची टेस्ट, दोनदा स्कॅन. एकच रिपोर्ट उरला. एरर आल्यावर आम्ही मेमरी फ्री न करताच रिटर्न होत होतो. जुन्या यादीत पाहिलं, तर तोच रिपोर्ट तिथेही होता. ज्याला आम्ही नॉइज म्हणत होतो, त्याच ढिगात!

1984 पासून डाइक्स्ट्रा टेक्सासच्या ऑस्टिनला शिकवत होते. शेवटपर्यंत ते फाउंटन पेनने लिहीत राहिले. अशी 1300 हून जास्त टिपणं त्यांनी नंबर घालून मित्रांना वाटली. टेस्टिंगने चूक आहे हे कळतं, चूक नाही हे कळत नाही, म्हणून आधी विचार करा, हाच त्यांचा हट्ट. 6 ऑगस्ट 2002 ला न्यूनेन गावी ते गेले.

व्हायवा बरी गेली. पण गाळणं वेगळं आणि दुर्लक्ष करणं वेगळं, हे मला मार्कांपेक्षा मोठं वाटलं. पुढच्या वेळी नॉइज म्हणण्याआधी, मित्रांनो, एकदा यादी वाचा!